झाकणाची चोच

केबिन रोडवरच्या त्या भांड्यांच्या दुकानापाशी मी काही घ्यायला थांबले नव्हते. समोरून केळ्यांची हातगाडी आली, तिला वाट द्यायला दुकानाच्या पायरीवर चढले, एवढंच. पण बाई पायरी चढली म्हणजे घेणारच, असं दुकानदारांना वाटतं. त्यानं ढिगातला वरचा डबा उचलून माझ्या हातात दिला. "मौसी, खोल के देखो. एक उँगली से खुलता है." मी एका बोटानं उघडला. झाकणाच्या काठाला एका ठिकाणी नखाएवढी चोच होती. ती जरा वर उचलली की झाकण कुरकुर न करता सुटत होतं. "नया निकला है. बुढ्ढे लोगों के लिए बेस्ट," तो माझ्याकडे बघत म्हणाला. तेही मी मनावर घेतलं नाही. मनाला लागलं ते दुसरंच. डबा आमच्याच कारखान्यातला होता. त्याच्या खोक्यावरच्या लेबलाची छपाई मीच तपासली होती. आणि ती चोच मी चार महिन्यांपूर्वी पाहिली होती, दुसऱ्याच एका झाकणावर, बत्त्यानं ठोकून काढलेली, थोडी वाकडी. मी झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. दुकानदाराला वाटलं, बाईला आवडला. "पैक कर दूँ?" मी नको म्हटलं आणि काहीतरी उचलून पिशवीत घातल्यासारखी भराभर चालू लागले.

लाज मला नेहमी कानांतून येते. आधी कानाच्या पाळ्या गरम होतात, मग मानेचा मागचा भाग, मग तळहात. लहानपणापासून असंच. पूनम सागरला घरी पोचेपर्यंत रिक्षात वारा लागत होता तरी कान गरमच होते. मी स्वतःला सांगत होते की बाजारात माल आला, चांगला आला, तुझ्या पोटापाण्याचंच काम आहे ते. आणि दुसऱ्या बाजूनं मला लालबागच्या शाळेतला फळा दिसत होता. चौथीत मी मॉनिटर होते, कारण अक्षर चांगलं. बाई वर्गाबाहेर गेल्या की बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची, हे माझं काम. शालू माझी मैत्रीण, एका बाकावर बसायचो. एकदा तिनं मला हळूच विचारलं, "तुझ्याकडे पाणी आहे का गं?" मी तिचं नाव लिहिलं. सगळ्यांसमोर कोणी म्हणू नये की मैत्रिणीला सोडलं, म्हणून. बाई आल्या, शालूनं हात पुढे केला, पट्टी खाल्ली, आणि जागेवर येऊन बसली. तिची तहान तशीच राहिली असणार. आज पन्नाशी उलटल्यावर हे आठवायचं कारण काय, असं मी रिक्षात स्वतःला विचारलं आणि उत्तर माहीत असल्यामुळे बाहेर बघत बसले.

अक्षर चांगलं असणं हा माझ्या आयुष्यातला एकमेव कमावलेला गुण. दहावीनंतर शिक्षण नाही. लग्न होऊन इकडे आले, मुलगा शाळेत जायला लागल्यावर भाईंदर पूर्वेच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटीत, जितेशभाईंच्या स्टीलच्या डब्यांच्या कारखान्यात पॅकिंगच्या टेबलावर बसले. चंपा माझ्या डाव्या हाताला बसायची. जवळच्या खारी गावची, आगरी, माझ्याहून पाचसहा वर्षांनी लहान पण तिथली जुनी. पहिल्याच दिवशी पत्र्याच्या काठानं माझी तीन बोटं कापली. तिनं माझे हात आपल्या हातात घेतले आणि दाखवलं. "कागद आदी काठाला लावाचा, मंग डब्याला. काठ झाकला का डबा शाना होतो." तेव्हापासून बोट कापलं नाही. दीड वर्षानं खोक्यांवरची माझी अक्षरं जितेशभाईंना दिसली आणि मी वरच्या मजल्यावर ऑफिसात गेले. कॉम्प्युटर बघून बघून शिकले. इंग्रजी मोठी अक्षरं खोक्यांवरून शिकले, छोटी बिस्किटांच्या पुड्यांवरून. चंपा खालीच राहिली. आठ वर्षांपूर्वी तिच्याकडे दुपारचा चहाही आला, तेव्हापासून ती दिवसातून दोनदा वर येते. कोणी समोर असलं की ती मला म्याडम म्हणते, दोघीच असलो की वासंते. हे आम्ही ठरवलेलं नाही, तिनंच ठरवलं. मला त्यात बरं वाटायचं, दोन्हींत.

गुरुवारच्या मिटिंगा निहारनं सुरू केल्या. निहार म्हणजे जितेशभाईंचा मुलगा, पुण्याहून शिकून आलेला, पायात पांढरे बूट. वाईट मुलगा नाही. सगळ्यांना अहोजाहो करतो, त्याचं मराठी हिंदीचा हात धरून चालतं. पहिल्या गुरुवारी त्यानं सगळ्यांना पिवळ्या चिकट चिठ्ठ्या वाटल्या. प्रत्येकानं एकेक आयडिया लिहून भिंतीला लावायची. पत्रा दाबायच्या प्रेसवरच्या उत्तमनं पंखा पाचवर केला, चिठ्ठ्या उडाल्या, एक मिनलच्या केसांत जाऊन बसली. मिनल ऑर्डरी आणि हिशेब बघते. ती चिठ्ठी काढून वाचली तर उत्तमच्या अक्षरात, 'जेवणानंतर अर्धा तास झोप'. त्यानंतर चिठ्ठ्या बंद आणि पांढरा बोर्ड आला. मार्कर माझ्या हातात आला, अर्थात अक्षरामुळे. निहारचे नियम होते. कोणाच्या आयडियाला पहिली वीस मिनिटं नावं ठेवायची नाहीत. कितीही वेडी असली तरी बोलायचं. प्रत्येक आयडियापुढे ज्याची त्याचं नाव. सगळं इंग्रजीत, कारण शेवटी तो बोर्डाचा फोटो काढून आपल्या लॅपटॉपमध्ये ठेवायचा. आणि बोर्डाच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकोन, तो पुसायचा नाही. ज्या आयडियाचं काम सुरू झालं, ती तिथे.

मला या मिटिंगा आवडायला लागल्या, हे आता सांगायलाही ओशाळं वाटतं. तोवर मला वाटायचं, कल्पना सुचते म्हणजे एखाद्या हुशार माणसाच्या डोक्यात दिवा लागतो. तसं काही नसतं. माणसं बसतात, कोणालाच काही सुचत नाही, सगळे टेबलावरच्या नमुन्याच्या डब्याशी खेळत राहतात. उत्तम काहीतरी अर्धवट बोलतो, ते मिनलला चुकीचं वाटतं म्हणून ती हसते, तिच्या हसण्यामुळे निहारला वाटतं यात काहीतरी असावं, तो तेच जरा वेगळ्या शब्दांत बोलतो, आणि आता ते बरं वाटायला लागतं. मग सगळे म्हणतात, हां, तेच. नक्की कोणाचं ते देवालाही सांगता येणार नाही. मला मात्र सांगावं लागायचं. मी ज्याच्याकडे बघून मार्कर उचलायचे, त्याची ती आयडिया. मी ज्यावर हात उचलायचे नाही, ते नुसतं बोलणं, चहाबरोबर गिळलेलं. हे निहारला कळत नव्हतं. त्याला वाटायचं, वासंतीबेन नुसतं लिहितात. मलाही आधी तसंच वाटायचं. नंतर माझ्या लक्षात आलं की बोलून झाल्यावर लोक निहारकडे बघत नाहीत, माझ्या हाताकडे बघतात. उत्तमसारखा बाप्या, दोन मुलींचा बाप, हात उचलला नाही तर पडेल चेहऱ्यानं बसतो. मी हे घरी कोणाला सांगितलं नाही. पण गुरुवारी मी बरी साडी नेसायला लागले.

चार महिन्यांपूर्वीच्या त्या गुरुवारी विषय होता झाकणं. तक्रारी येत होत्या की घट्ट बसतात, उघडत नाहीत, परत येतात. वीस मिनिटं झाली. बोर्डावर पाचसहा ओळी होत्या. झाकण सैल करा, मग आमटी सांडेल. रबराची रिंग लावा, मग महाग. चंपा चहा घेऊन आली. कप ठेवता ठेवता निहार सहज म्हणाला, "चंपाताई, तुम्ही पण सांगा काहीतरी. नो बॅड आयडिया." त्याला गंमत करायची नव्हती, त्याच्या पुस्तकात तसं असावं. चंपा थांबली. ट्रे पोटाशी धरला. मी मार्कर उघडून तयार. ती म्हणाली, "आता काय सांगू. वासंती न मी खाली एका टेबलाव बसताव ना पॅकिंगला, तवापासून मी बगतंय—" आणि तिथेच माझा हात थांबला. त्याच्या दोन आठवडे आधी निहारनं मला विचारलं होतं, तुम्ही कुठे शिकलात. मी म्हटलं होतं, मुंबईत. तो म्हणाला होता, "दिसतंच." ते 'दिसतंच' मी दोन आठवडे पदराला बांधून फिरत होते. चंपानं एका वाक्यात गाठ सोडली. म्याडमसुद्धा म्हणाली नाही, बोलण्याच्या भरात विसरली असेल. ती पुढे बोलत राहिली. "माजे सासूची बोटां वाकरी झाल्यान. डबा उगडाला न्हाय जमत, चमच्यानी उचकटते न हाताला लावून घेते. मंग मी बत्ता घेतला न झाकनाचे काठाला एका जागी ठोकला. चोच काढली. आता बोट लावला का उगडतो. आनू का, खाली माजा डबा हाय?" ती खाली गेली, डबा घेऊन आली, टेबलावर ठेवला. वाकडी चोच. मिनल हसली, "चंपाबेन, सासूमाँ का डब्बा तुम ले आयी, वो क्या खायेगी?" उत्तम म्हणाला, "काठ ठोकलास तर झाकण बसंल कसं? आमटी पिशवीत." वीस मिनिटांचा नियम संपला होता. निहार फोनमध्ये बघत होता. जितेशभाई रोजच्यासारखे डोळे मिटून बसले होते. कोणीही मला 'लिहू नका' म्हणालं नाही. हे मी नीट आठवून सांगतेय. कोणीच म्हणालं नाही. मी मार्करला टोपण लावलं. टक् असा बारीक आवाज झाला, आणि ते संपलं. चंपानं डबा उचलला, रिकामा ट्रे उचलला, खाली गेली.

मग दहा मिनिटं तेच ते. मिनलनं बिस्किटाचा पुडा फोडायला घेतला. निहार पुड्याच्या कोपऱ्यावरच्या लाल खुणेकडे बघत म्हणाला, "असं काही पाहिजे. इथून उघडा, असं. काहीतरी पकडायला." उत्तम एकदम पुढे सरकला. "काठाला चोच काढता येईल, शेठ. ठोकायची नाही, डायच्या साच्यातच घ्यायची. मग बसेल." चोच, हाच शब्द. त्यानं तो चोरला नव्हता. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते, त्याला खरोखरच तो आत्ता सुचला होता. निहारचा चेहरा उजळला, मिनल म्हणाली वा, सगळे एकदम बोलायला लागले. आणि मी मार्कर उघडला. सुंदर अक्षरात लिहिलं, 'लिप ऑन लिड', पुढे निहार, उत्तम. दोघांची नावं इंग्रजी मोठ्या अक्षरांत. पुढच्या गुरुवारी ती ओळ माझ्याच हातानं कोपऱ्यातल्या चौकोनात गेली.

इथवर असतं तर मी स्वतःला समजावलं असतं. गडबडीत राहिलं, कोणाकडूनही राहतं. पण त्याच दिवशी सगळे खाली गेल्यावर चंपा कप गोळा करायला आली. दोघीच होतो. तिनं बोर्डाकडे बघितलं. तिला इंग्रजी येत नाही, मराठीही आपल्या नावापुरतंच. रोज हजेरीपटावर सही करते, चंपा, शेवटी च वरचं टिंब कुंकवासारखं दाबून. ती म्हणाली, "वासंते, माजा लिवलास का गो?" मी म्हटलं, "हो." ती म्हणाली, "खंय?" आणि मी बोट दाखवलं. निहार, उत्तम या दोन नावांवर बोट ठेवून म्हटलं, "हे बघ." एवढं सोपं होतं ते. तिनं जवळ जाऊन पाहिलं, जसं देव्हाऱ्यातलं बघतात. "इंग्रजीत बरा दिसतो," म्हणाली. आणि कप घेऊन गेली.

गुरुवारी मिटिंग संपली की बोर्ड चंपाच पुसते. चार महिने मी बघत आले. सगळा बोर्ड ती फटाफट पुसते आणि त्या चौकोनाशी आली की फडक्याचं टोक बोटाला गुंडाळते आणि मी तिची म्हणून दाखवलेल्या त्या ओळीच्या कडेकडेनं हळू फिरवते, अक्षराला धक्का लागू नये म्हणून. एकदा निहारच्या नावाची मागची दांडी जरा पुसट झाली होती, तर मला म्हणाली, "म्याडम, ह्या जरा परत काढाल का?" मिनल तिथे होती म्हणून म्याडम. मी परत काढून दिली.

केबिन रोडचा तो डबा मंगळवारचा. बुधवारी दुपारी मी माझा डबा घेऊन खाली गेले. महिन्यातून दोनतीनदा जाते. पॅकिंगच्या खोलीत बायका गोल करून बसतात, जवळ्याचा वास, कोणाच्या तरी फोनवर भजन. बोलणं कारखान्याच्या जागेचंच चाललं होतं. हे गाळे सोडून वसईच्या बाजूला मोठी शेड घेतलीय, नवीन पॅकिंग मशीन येणार. चौदा बायकांपैकी सहा जणी तिकडे जाणार, बाकीच्यांना घरी बसवणार. निहारनं सांगितलंय की जुनं-नवं बघणार नाही, ज्यांनी डोकं चालवलंय त्यांना नेणार. बोर्डाचे फोटो आहेतच त्याच्याकडे. शनिवारी यादी लागेल. मी चपातीचा तुकडा मोडत बसले. चंपा माझ्या शेजारी, माझ्या डब्यात आपल्या हातानं जवळ्याची चटणी घालत हळूच म्हणाली, "माजे नंदंनी शालंच्या जेवनाचे कामाला सांगितलावता मना. खारीतच, घरापासना जवल. सोमवारी हो बोलाचा होता. मी न्हाय बोल्लू. मना कशाला पायजे, माजा नाव तर लागलाय." आणि हसली. तिच्या पुढच्या दाताला थोडी मिसरी लागलेली असते नेहमी. मी विचारलं, "न्हाय बोललीस पण?" "परवाच बोल्लू. ती जागा दुसरीला दिली." चटणी तिखट होती. डोळ्यांत पाणी आलं ते बायकांना तिखटाचं वाटलं, आणि मी वाटू दिलं.

रात्री जेवताना यांना सांगितलं, म्हणजे अर्धं सांगितलं. मिटिंगमध्ये एकीनं सुचवलेलं दुसऱ्यांच्या नावावर गेलं असं, नावं न घेता. हे म्हणाले, "सगळ्या ऑफिसात तेच असतं. आमच्याकडे तर साहेबाच्या वाढदिवसाचा केकसुद्धा साहेबानंच सुचवलेला असायचा." मी हसले. मग विचारलं, "आणि लिहून घेणाऱ्याचं काय?" हे म्हणाले, "त्याला कोण विचारतो?" आणि भात वाढून घेतला. मला वाटतं त्या उत्तरानं मला जेवढं बरं वाटायला पाहिजे होतं तेवढं वाटलं नाही. लिहून घेणाऱ्याला कोणी विचारत नाही, म्हणूनच तर. निहारला विचारतील, उत्तमला विचारतील, त्यांना काही ठाऊकच नाही. ठाऊक फक्त मला आहे. एवढ्या मोठ्या कारखान्यात ही एकच गोष्ट अशी की जी माझ्याशिवाय कोणाजवळ नाही, आणि ती ही असावी. मी ओटा पुसताना आमच्या घरातला एक जुना डबा उघडून पाहिला. उघडत नव्हता. चमच्यानं उचकटला, तर चमचा घसरून अंगठ्याच्या बुडाशी लागला. रक्त नाही आलं, नुसती पांढरी रेघ उमटली. चंपाच्या सासूला मी एकदाच पाहिलंय, खारीला गौरीच्या जेवणाला गेले होते तेव्हा. बाजेवर बसून माझ्या हातांकडे बघत म्हणाली होती, "बोटां बरी हान तुजी." माझी बोटं बरी आहेत.

गुरुवारी निहार खुशीत होता. एका मोठ्या खरेदीदाराला पाठवायला त्याला चोचीची गोष्ट लिहायची होती, ही आयडिया आली कशी, ते. "सगळे आठवा," म्हणाला. "वासंतीबेन, लिहा." आणि सगळे आठवायला लागले. उत्तम म्हणाला, बिस्किटाच्या पुड्यावरून. मिनल म्हणाली, नाही, त्याच्या आधी मी माझ्या मम्मीचं सांगितलं होतं, तिला डबा उघडत नाही ते. तिनं ते सांगितलं नव्हतं, पण तिला तसं आठवत होतं, आणि सांगताना तिनं डोळे सुद्धा टिपले. निहार म्हणाला, मला वाटतं आपण कारखान्यात एकमेकांचं ऐकतो, त्यातून आली. प्रत्येकाला एकेक तुकडा आठवत होता आणि सगळे तुकडे नीट जुळत होते, मधल्या एका जागेसकट, तिथे काही नव्हतंच जणू. मी लिहीत होते, नेहमीसारखं इंग्रजीत. बिस्किट. मम्मी. ऐकणं. कान तापायला लागले. मग मान. मी बोर्डाकडे तोंड करूनच म्हटलं, "चंपानं सांगितलं होतं."

"हं?" निहार म्हणाला.

"पॅकिंगमधल्या चंपानं. तिनं घरचा डबा आणून दाखवला होता. बत्त्यानं चोच काढलेली होती झाकणाला. त्यानंतर दहा मिनिटांनी बिस्किटाचा पुडा."

मिनल हळूच म्हणाली, "अरे हाँ. सासूमाँवाला." उत्तमनं मान खाली घातली. "मीच नको बोललो होतो," म्हणाला. "झाकण बसणार नाही म्हणून. च्यायला. मला वाटलं माझंच." तो रत्नागिरीचा, असं पटकन कबूल करणारा नाही. मला त्याच्याबद्दल एवढी माया कधी वाटली नव्हती. आणि मग जितेशभाईंनी डोळे उघडले. मिटिंगा सुरू झाल्यापासून मी त्यांना डोळे उघडताना चारदा पाहिलं असेल. "मेरे को याद है," ते शांतपणे म्हणाले. "पूरा याद है. बत्ता बोली थी वो. मेरे को अच्छा लगा था." निहारनं विचारलं, "पप्पा, तो बोले क्यों नहीं?" जितेशभाईंनी माझ्याकडे पाहिलं, रागानं नाही, असंच, घड्याळाकडे बघावं तसं. "वासंतीबेन ने लिखा नहीं. तो मैंने सोचा, जाने दो, उसमें कुछ होगा नहीं."

मला वाटलं आता कोणीतरी मला काही विचारेल. का नाही लिहिलं, असं. मी उत्तर तयार करत होते, त्यात पॅकिंगचं टेबल होतं, 'दिसतंच' होतं, शालूसुद्धा होती. कोणी विचारलं नाही. निहार हसला, मोकळं, चांगलं हसला. "अरे, मग लिहा ना. बस एवढंच? चंपाताईंचं नाव टाका. अजून भारी गोष्ट होते ही. यादीत पण घेतो त्यांना, वसईच्या." आणि फोन काढून उभा राहिला. इतकं सोपं होतं ते. चार महिने जे माझ्या घशात अडकलं होतं ते एका माणसानं फोटो काढता काढता काढून टाकलं. मी चौकोनापाशी गेले. इंग्रजीत लिहायला गेले आणि मार्कर थांबला. त्या ओळीपुढे मी मराठीत लिहिलं, मोठं, चंपा, वर टिंब तिच्यासारखं दाबून. त्या बोर्डावर पहिल्यांदाच मराठी अक्षर. निहारनं फोटो काढला. खाली नवीन डायचा नमुना आला होता, सगळे तो बघायला उतरले. माझा चहा टेबलावर तसाच होता. मार्कर हातात उघडाच होता. मला हलकं वाटत होतं, हे मी लपवत नाही. मी चंपाची वाट बघत होते. तिला सांगायचं होतं की यादीत तुझं नाव आलंय.

ती आली. ट्रे टेबलावर ठेवला, कप एकात एक घालायला लागली, आणि तिची नजर बोर्डावर गेली. आपलं नाव माणसाला कुठेही दिसतं. ती हातातले कप तसेच घेऊन पुढे गेली. बघितलं. एक कप खाली ठेवला आणि माल तपासताना पॉलिशवरून फिरवते तसं, अगदी हलकं, टिंबावरून बोट फिरवलं. शाई ओली होती. तिनं आपलं काळं झालेलं बोट पाहिलं. मग माझ्या हातातला मार्कर पाहिला. मग तेच बोट तिनं डावीकडे नेलं, न टेकवता, चार महिने जिच्या कडेनं फडकं फिरवलं त्या ओळीवर.

"मंग हा कुनाचा हाय?"

मी वाचून दाखवलं. आधी निहार, मग उत्तम. लहान मुलाला वाचून दाखवतात तसं एकेका अक्षराखाली बोट ठेवून दाखवलं, का ते माहीत नाही. तिनं दोन्ही नावं नीट ऐकली. कोणी पत्ता सांगितल्यावर ऐकतात तशी मान हलवली. मी म्हटलं, "चंपे, यादीत घेतलंय तुला. वसईला. आत्ताच सांगितलं त्यांनी." ती म्हणाली, "बरा झाला." खरंच बरं झालं असंच म्हणाली, त्यात खोट नव्हती. मग तिनं खांद्यावरचं फडकं घेतलं आणि बोर्ड पुसायला लागली. बिस्किट पुसलं, मम्मी पुसली, ऐकणं पुसलं. कोपऱ्याशी आली. फडक्याचं टोक बोटाला गुंडाळलं आणि नेहमीसारखीच कडेकडेनं फिरली, निहारच्या, उत्तमच्या, आणि आपल्या ओल्या नावाच्याही, कुठेही धक्का न लावता.

ट्रे उचलून ती माझ्यासमोर आली. माझ्या चहावर साय धरली होती.

"कप देता का, म्याडम?"

मी वळून दाराकडे पाहिलं, कोण आलंय म्हणून. दारात कोणी नव्हतं.